उत्तनच्या फियाटचं पासिंग

जुन्या गाडीचं बॉनेट मी आधी उघडत नाही. आधी गोणपाट टाकून खाली निजतो. वरून गाडी कितीही चकचकीत असो, तिची खरी अवस्था खालून कळते. घोडबंदर रोडवर चेण्याला माझं गॅरेज आहे, सव्वीस वर्षं झाली, आणि जुन्या गाड्यांचे हौशी मालक मी पोत्याने पाहिलेत. त्यांना गाडीसोबत फोटो हवा असतो. ग्रीसचं नाव काढलं की त्यांना एकदम मीटिंग आठवते. म्हणून उत्तनहून एका बाईंचा फोन आला, "फियाटचं पासिंग करायचं हाय," तेव्हा मी सरळ सांगून टाकलं की मला वेळ नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बाई दारात. मागे टेम्पोला बांधून आणलेली चौऱ्याहत्तर सालची पांढरी फियाट.

"मी नाही म्हटलं होतं ना?" मी म्हणालो.

"तुमी वेळ न्हाय म्हनालात. मी थांबते. वेळ झाला की बगा."

आणि त्या खरंच टायरच्या ढिगावर बसल्या. साडेबारापर्यंत. शेवटी मलाच लाज वाटली.

जोआन घोन्साल्विस. वय एकसष्ट. नवरा मार्क एका कारखान्यात फिटर होता, दोन वर्षांपूर्वी गेला. फियाट त्याची, आणि त्याचा जीव तिच्यात. रविवारी चर्चला, लग्नाला, बारशाला, सगळीकडे तीच. जोआनबाई तीस वर्षं शेजारच्या सीटवर बसल्या. "एकदा म्हटलं, मला शिकव, तर हसला. म्हनाला, तुजा हात बसायचा न्हाय," त्यांनी मला सांगितलं. गाडी धुण्यापुसण्याचं काम मात्र रोज त्यांच्याकडे. मार्क गेल्यावर बाईंनी भाईंदरला ड्रायव्हिंग स्कूल लावलं, एकोणसाठाव्या वर्षी लायसन्स काढलं आणि गाडीचे कागद स्वतःच्या नावावर करून घेतले. आता फेब्रुवारीअखेर गाडीची मुदत संपत होती. तोवर आरटीओत तपासणी होऊन पासिंग झालं तर आणखी पाच वर्षं गाडी रस्त्यावर. नाही झालं तर ती भंगारात जाणार, असं त्यांनी मुलाला, गेविनला, कबूल केलं होतं. हातात सहा आठवडे होते.

मी खाली निजलो. बॅटरी मारली, फ्लोअरच्या पत्र्यावर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवलं, आणि ते आरपार आत गेलं. दुसरीकडे टेकवलं, तिथेही तेच. बिस्किटासारखा पत्रा झाला होता.

"बाई, ही गाडी कुठे समुद्रात उभी करता काय?"

"रोज धुते मी तिला!" त्या चिडल्या. "मार्क सांगायचा, खारा वारा हाय, रोज गोड पान्याने धुवायची. एक दिवस चुकवला न्हाय. खालूनपन पाइप मारते."

"पाणी कुठलं?"

"नळाला पुरत न्हाय. आंगनातल्या विहिरीचं."

मला संशय आला. रेडिएटरमध्येही तेच पाणी असणार. झाकण काढून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. थू करून मी ओलं झाकण त्यांच्यासमोर धरलं. "तुम्ही बघा."

बाईंनी बोट लावलं. चाखून परत एकदा लावलं. खारट. घरात नळ आल्यापासून त्या विहिरीचं पाणी कोणी पीत नव्हतं. ते कधी खारं झालं ते कोणाला कळलंच नव्हतं. दोन्ही वेळेला बादल्या भरून, कंबर मोडून, ही बाई गाडीला खाऱ्या पाण्याची आंघोळ घालत होती.

"म्हंजे मीच खाल्ली तिला," त्या म्हणाल्या आणि टायरवर बसून रडल्या. मी उगाच पाना पुसत राहिलो.

संध्याकाळी गेविन आला. मीरा रोडला राहतो, नयानगरच्या अलीकडे, पोरगा वाईट नाही. "अंकल, आप ही समझाओ ना," तो मला म्हणाला. मग आईकडे वळून, "मम्मी, जाऊ दे आता. सडलीय ती. छोड दे."

बाईंनी डोळे पुसले आणि मला विचारलं, "पत्रा कापून नवा लावता येतो?"

"येतो. पण आधी सगळा गंज खरवडावा लागतो. माझ्याकडे त्याला माणूस नाही. तुम्हाला करावा लागेल."

खरं सांगतो, त्या जाव्यात म्हणून मी ते बोललो होतो.

सकाळी आठला बाई हजर. जुना पंजाबी ड्रेस, डोक्याला रुमाल, हातात तारेचा ब्रश. उत्तनहून भाईंदरला एक बस, तिथून इकडे दुसरी, असा त्यांचा रोजचा फेरा सुरू झाला. गाडी ठोकळ्यांवर चढवली होती. त्या खाली सरकायच्या आणि घर्र घर्र आवाज दुपारपर्यंत थांबायचा नाही. केसांत लाल भुकटी, नखं काळी. पहिल्या आठवड्यात त्यांची मान अवघडली, तेव्हा मी म्हणालो, "बाई, दोन दिवस आराम करा." त्यांनी बाम लावला आणि परत खाली गेल्या. माझा वेल्डर नवे पत्रे लावायचा, त्यावर बाई लाल प्रायमरचा हात मारायच्या, मग काळा अंडरकोट. एका कोपऱ्यात वेल्डिंगची भेग राहिली होती. ती मला दिसली नाही, त्यांना दिसली. वेल्डरला त्यांनी असं झापलं की तो मला विचारायला आला, गॅरेज विकलं काय म्हणून.

मग मीच त्यांना शिकवायला लागलो. इंजिन गार असताना टॅपेटच्या फटीत फीलरची मापाची पट्टी कशी सरकवायची, ती सैल किती आणि घट्ट किती. इग्निशनचे पॉइंट कसे घासायचे. पुढच्या चाकांच्या सांध्यांना ग्रीसगन लावली की जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत कशी दाबत राहायची. मी सांगायचो आणि त्या शाळेच्या वहीत लिहून घ्यायच्या. दुसऱ्यांदा सांगायची वेळ त्यांनी माझ्यावर आणली नाही. रेडिएटर तीनदा उकळवून साफ केला. आता नळाचं गोडं पाणी बाई घरून कॅनमधून आणायच्या, आणि गाडीत ओतण्याआधी चाखून बघायच्या.

चालवायचा सराव संध्याकाळी गावातल्या रस्त्यावर. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी वेगळी, हिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. सेकंड टाकताना बाई अडकायच्या, गाडी हिसका देऊन बंद पडायची आणि कट्ट्यावरची मंडळी फुकटचे सल्ले द्यायची. "माझ्याकडे बघा, त्यांच्याकडे नको," मी ओरडायचो. "तुमच्याकडेबी न्हाय, रस्त्याकडे बगते," त्या म्हणायच्या.

पासिंगला सव्वीस फेब्रुवारीची तारीख मिळाली. त्या सकाळी बाई इस्त्रीचा निळा ड्रेस घालून आल्या. ऑइल बघितलं, पाणी बघितलं, ब्रेक दाबून बघितले. मी किल्ली घेतली, दार उघडलं आणि स्टिअरिंगवर बसलो. गेविन मागे बसला. बाई माझ्या दाराशी उभ्याच.

"बसा ना, उशीर होतोय," मी म्हणालो आणि शेजारच्या सीटकडे हात केला.

"महिपतभाऊ, उतरा."

"अहो, आज रिस्क नको. तिथे लाइन असते, चढ आहे. मधेच बंद पडली तर?"

"पडली तर परत चालू करीन. मार्कबी असंच बोलायचा. उतरा."

आवाज चढलेला नव्हता. पण माझे कान गरम झाले. सहा आठवडे या बाईकडून मी गंज खरवडून घेतला, तिला पॉइंटपासून टॅपेटपर्यंत सगळं शिकवलं, आणि ऐन वेळेला किल्ली माझ्या हातात. मी ती कधी उचलली तेसुद्धा मला कळलं नव्हतं. मी उतरलो आणि वळसा घालून शेजारच्या सीटवर बसलो.

आरटीओच्या लाइनमध्ये चढावर गाडी बंद पडलीच. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्नवर हात ठेवला. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. बाईंनी हँडब्रेक ओढला, न्यूट्रल केलं, चोक जरासा ओढला, गाडी चालू केली आणि पुढे घेतली. आरटीओच्या साहेबांनी चेसिस नंबर बघितला, दिवे बघितले, वाकून खालून बॅटरी मारली. फेरी मारून ब्रेक लावायला सांगितला. गाडी जागच्या जागी उभी राहिली.

"मेंटेनन्स कोण करतं?" त्यांनी मला विचारलं.

"त्यांना विचारा," मी म्हणालो.

बाईंनी वही पुढे केली. साहेबांनी दोन पानं उलटली, बाईंकडे एकदा बघितलं आणि कागदावर सही केली.

परत येताना घोडबंदर रोडला ट्रकांची गर्दी होती. बाई डावीकडून, आपल्या चालीने, गाडी काढत होत्या. मागे गेविन फोन विसरून आईकडे बघत बसला होता. एक डंपर अंगावर आल्यासारखा वाटला आणि माझा पाय आपोआप खाली दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हता. थोड्या वेळाने परत तसंच झालं.

बाईंनी ते पाहिलं. नजर रस्त्यावरून न हलवता म्हणाल्या, "हुईल सवय. मला झाली होती."