मामाने तोंडी घेतलेली एकच गोष्ट

माझा मामा एका मोठ्या कचेरीत चौतीस वर्षं आवक-जावक टेबलावर बसला. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर घालायचा, वहीत चढवायचा आणि पुढे ढकलायचा, एवढंच काम. कागदात काय लिहिलंय याच्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, म्हणून त्याने सगळं वाचलं. निवृत्तीच्या दिवशी कचेरीने त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्याने ते नको म्हणून सांगितलं आणि आपला शिक्का मागून घेतला. तेव्हापासून घरात येणारं प्रत्येक चिठोरं तो नोंदवतो. माझ्या लग्नपत्रिकेला आवक क्रमांक एकशे बारा आहे. मला त्याचा राग आला होता, अजूनही आहे.

त्याच्याशी तोंडी काही ठरवायची सोयच नाही. दूधवाला म्हणाला, "उद्यापासून जरा उशिरा येईन," तर मामा भांडं हातात धरून म्हणणार, "लिहून द्या." गल्लीत त्याला लेखी मामा म्हणतात, आणि त्याला ती पदवी वाटते.

मामी गेल्यापासून तो दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटाच होता. तीन वर्षांपूर्वी माझी मोठी मावशी त्याच्याकडे राहायला आली. मावशीने लग्न केलं नाही. बत्तीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची देखरेख केली आणि तिथल्याच एका खोलीत राहिली. नोकरी संपली, त्याच दिवशी खोलीही गेली. मामा जाऊन तिची पेटी घेऊन आला.

त्या वेळी म्हातारे मालक हयात होते. मामाने त्यांना जिन्यातच गाठून विचारलं. ते म्हणाले, "असू द्या की. बहीण आहे, विचारता काय?" आणि आमचा मामा, जो दुधाची वेळ लिहून मागतो, तो चक्क "बरं" म्हणून वर आला.

यंदा म्हातारे मालक गेले आणि धाकट्या मालकांनी कारभार हातात घेतला. महिनाभरात प्रत्येक दाराखालून एक छापील कागद आत आला. वर 'सुधारित नियमावली', खाली सहीसाठी रेघ. गच्चीवर कपडे वाळत घालायचे नाहीत, गॅलरीत कुंड्या ठेवायच्या नाहीत, पाहुणा नऊनंतर नको, असे सहा नियम. सातवा असा, की करारात ज्याचं नाव आहे त्यानेच राहायचं, बाकीच्यांनी महिन्याभरात जागा सोडायची.

निम्म्या बिऱ्हाडांनी मुकाट सह्या केल्या. मामाने कागदाला नंबर घातला आणि जुना करार काढला. सात वर्षांचा करार, त्यातली तीन अजून बाकी. रविवारी मी गेले तेव्हा तो खुशीत होता. "दोघांच्या सह्यांनी झालेला करार एकाच्या मर्जीने बदलत नाही," तो मला म्हणाला. "मुदत संपेपर्यंत जुन्याच अटी. पुढचं पुढे बोलता येईल. सही न केल्याने आपलं काही बिघडत नाही, केली की बिघडतं." सहा नियम त्याने सहा ओळींत परत पाठवले. सातव्याशी पेन थांबलं.

कारण जुन्या करारातच एक कलम होतं: नातेवाईक कायमचे राहायचे असतील तर मालकाची संमती हवी. संमती होती. फक्त ती जिन्यात होती.

धाकटे मालक स्वतः वर आले. हुशार माणूस. सहा नियमांवर वाद घालायच्या भानगडीतच पडले नाहीत.

"ते सहा राहू द्या काका, करार संपला की बघू," ते म्हणाले. "पण सातवा काही नवा नाही, तुमच्याच करारातला आहे. बाबांनी संमती दिली होती म्हणता ना? लेखी दाखवा."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मामाचा चेहरा बघून मला हसू फुटलं. मग माझी नजर मावशीवर गेली आणि ते जिथल्या तिथे विरलं. ती पदराला हात पुसत उभी होती. मालकांना म्हणाली, "चहा ठेवू का?" जणू काढणार आहेत ते दुसऱ्याच कोणाला.

त्या आठवड्यात तिने दोन ओळखीच्या बायकांकडे खोलीची चौकशी केली, मामाला न सांगता. मला म्हणाली, "माझ्यापायी त्याची जागा जायला नको." मला ते सहन होईना. या बाईने तीन वर्षांत त्या घरातला एक डबा इकडचा तिकडे केला नव्हता. मामा करेल तो पांचट चहा ती गोड मानून प्यायची. मी मामाला म्हटलं, "वकील गाठ." तो म्हणाला, "आधी पत्रव्यवहार."

आणि त्याने धाकट्या मालकांना पत्रांनी भंडावून सोडलं. जिन्यातला दिवा मंद आहे. मालकांनी खालूनच ओरडून सांगितलं, बदलतो. मामाचं दुसरं पत्र: तोंडी उत्तराची नोंद घेता येत नाही. मालक वैतागून लिहू लागले आणि बघता बघता त्यांना गोडी लागली. नावाचे कागद छापून घेतले, शिक्काही करून घेतला. नळावर चार पत्रं झाली, दाराच्या कडीवर तीन. मला वाटलं मामाचं डोकं फिरलंय. घर चाललंय आणि हा कडीवर लिहितोय.

महिना संपायला आठ दिवस उरले तेव्हा मामाने लिहिलं: 'दुसऱ्या मजल्याचा जिना झाडण्याचं काम आजवर कोणालाही नेमून दिलेलं नाही. सबब तो झाडण्यास आम्ही बांधील नाही.'

हे मालकांना चांगलंच झोंबलं. वडिलांची शिस्त काढली म्हणजे काय. संध्याकाळच्या आत उत्तर आलं, सही-शिक्क्यानिशी: 'आपल्या भगिनी तीन वर्षांपूर्वी राहावयास आल्या तेव्हाच वडिलांनी दर गुरुवारचा जिना त्यांना नेमून दिला. वडिलांच्या डायरीत तशी नोंद आहे. मात्र त्या कोपरे झाडत नाहीत, याची आपण नोंद घ्यावी.'

मामाने नोंद घेतली. इतका सुबक शिक्का त्याने आयुष्यात मारला नसेल.

मावशीने मात्र पत्र वाचलं आणि तिचा पारा चढला. "मी कोपरे झाडत नाही? ऐंशी मुलींचं वसतिगृह आरशासारखं ठेवलं मी. थांब, खाली जाऊन विचारतेच." मामा दारात हात जोडून उभा राहिला. "ताई, पाया पडतो. आठ दिवस तू कोपरे झाडत नाहीस."

महिना भरला त्या दिवशी धाकटे मालक वर आले. मामाने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि त्यांचंच पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते एकदा वाचलं, मग सावकाश पुन्हा वाचलं.

"हे जिन्याबद्दल आहे," ते म्हणाले.

"हो ना. तीन वर्षांपूर्वी राहायला आली, वडिलांनी काम नेमून दिलं, डायरीत नोंद केली. संमती नसलेल्या माणसाला कोणी जिना झाडायला सांगतं का?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शेवटी मालकांनाच हसू आलं. "बाबा काय म्हणाले होते हो काका, नक्की?"

"म्हणाले, बहीण आहे, विचारता काय."

"बाबाच ते," मालक म्हणाले आणि खिशातलं पेन काढलं. "कराराला जोडपत्र करू. पण माझी एक अट आहे. ही पत्रं आता बंद करायची."

"लिहून देतो," मामा म्हणाला.

जोडपत्रात मालकांनी 'सोबत राहणारी बहीण' लिहिलं होतं. मामाने ते त्यांच्याकडून खोडून घेतलं आणि 'सहभाडेकरू' लिहायला लावलं. मावशीने सही केली. आमच्याकडे वळून म्हणाली, "मस्टरशिवाय कुठे सही करायची सवयच नाही," आणि सही बरोबर आली का ते दोनदा बघितलं.

पुढच्या रविवारी मी गेले तर मामा टेबलाशी एक कागद घेऊन बसला होता. अक्षर मावशीचं. 'विषय: ओला टॉवेल खुर्चीवर टाकणे. हा प्रकार रोज घडतो. सहभाडेकरू या नात्याने माझी यास हरकत आहे. चहातही पावडर वाढवावी.'

मामाने विचारलं, "ताई, तीन वर्षं मी हेच करतोय. बोलली का नाहीस?"

मावशी कपाटातले डबे उतरवून नव्याने लावत होती. मागे न वळता म्हणाली, "तेव्हा मी तुझ्याकडे राहत होते."

मामाचे डोळे भरून आले होते आणि माझेही. तो उठला, टॉवेल उचलला आणि गच्चीवर वाळत घालायला गेला.