जबड्याने ऐकलेली गाडी

माझ्या आईला कमी ऐकू येतं. बहिरी म्हणू नका, मला राग येतो. तिच्यासमोर म्हणालात तर तीच पाना घेऊन मागे लागेल, कारण ओठ वाचण्यात ती पटाईत आहे. उभा जन्म गॅरेजमध्ये गेला, इंजिनांच्या धडधडीत कान गेले. हात कुठे गेलेत?

गॅरेज आजोबांचं, म्हणजे तिच्या सासऱ्यांचं. काम त्यांनीच तिला शिकवलं. त्यांचा एक नियम होता: ज्यानं दोष शोधला, त्यानंच गाडी बाहेर काढायची. आजोबा गेले, बाबाही गेले, आणि आई नि काका मिळून गॅरेज चालवू लागले. पण यंदा काकांच्या डोक्यात शिरलं की ज्याला आवाज ऐकू येत नाही त्यानं इंजिनाला हात लावू नये. एका सकाळी त्यांनी आईचा एप्रन खिळ्यावरून काढला, घडी केली आणि माझ्या हातात दिला. "वहिनींना आता आराम करू दे." आराम! माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

त्याच आठवड्यात ती जुनी आलिशान गाडी आली. लांबलचक बॉनेट, चामड्याच्या सीटा, लाकडी डॅशबोर्ड. मालक दातांचे निवृत्त डॉक्टर, अगदी रडकुंडीला आलेले. इंजिन तापलं की आतून ठक ठक ठक. कितीतरी गॅरेजं पालथी घातली, तेल बदललं, व्हॉल्व्ह बसवून घेतले, पण आवाज आपला जागच्या जागी! काकांनी खाली वाकून कान लावला आणि निकाल दिला, "बेअरिंग गेलंय. इंजिन उतरवून खोलावं लागेल." डॉक्टरांचा चेहराच उतरला. असलं इंजिन एकदा खोललं की सुटे भाग मिळेपर्यंत गाडी धूळ खात पडणार.

"थांबा. आधी मी बघणार," दारातून आई म्हणाली.

"वहिनी, कशाला हात दाखवून अवलक्षण?"

"भावजी, बेअरिंग निघालं तर माझी हत्यारांची पेटी तुमची. पुन्हा या दारात पाऊल टाकणार नाही. नाही निघालं, तर माझ्या खिळ्याला हात लावायचा नाही. कबूल?"

काका कबूल म्हणाले. गॅरेज सुटलं तर ही बाई घरात बसून करणार काय?

आईनं तिची लाकडी काठी काढली. एक टोक इंजिनावर टेकवलं, दुसरं दातांत धरलं.

"अहो बाई, दात!" डॉक्टर कळवळले.

"माझेच आहेत," आई काठी चावतच म्हणाली.

ठोका तिच्या जबड्यात येत होता. तिनं प्लगची एकेक वायर काढून एकेक सिलिंडर बंद करून पाहिला. "बेअरिंग असतं तर त्याचा सिलिंडर बंद केल्यावर ठोका मंदावला असता. हा हटत नाही." मग काठी इंचाइंचानं सरकवत ती इंजिनाच्या कुशीतल्या पेट्रोल पंपापाशी आली आणि थांबली. "इथे. पंपाच्या दांडीची स्प्रिंग मेली आहे. दांडी आपटते, आणि लोखंडातून आवाज खाली उतरतो. म्हणून सगळे खालीच शोधत बसले, मेले!"

तिनं पंप उतरवला, भोकावर पत्रा बसवला. कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी सुरू केली. काठी मात्र बाजूला ठेवली.

"गेला का?"

हे तिनं मला नाही, काकांना विचारलं. बरोबरच आहे, मी आवाज असता तरी गेला म्हणाले असते. काका वाकले, कान लावला, सरळ झाले, पुन्हा वाकले. हवं ते सांगायची मुभा होती त्यांना.

"गेला, वहिनी."

माणूस हट्टी आहे, पण खोटारडा नाही, हे मी आजही मान्य करते.

भंगारातल्या एका पंपाची स्प्रिंग बरोब्बर बसली. आईनं माझ्या पिशवीतून एप्रन ओढून घेतला, अंगात घातला आणि स्टिअरिंगवर जाऊन बसली. रस्त्यावर येताच तिनं हॉर्न दाबला. भोंग्यासारखा तो हॉर्न, तेवढा तिलाही ऐकू येत होता. शेजारचे दुकानदार बाहेर आले.

काका कानांवर हात ठेवून ओरडले, "वहिनी, पुरे!"

आई त्यांच्या ओठांकडेच बघत होती. तिनं हॉर्न सोडला नाही.