किसन उस्तादांचा कान आणि चालू न होणारे एसी

एसी दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टींचा ढीग वाढतच जातो. एक, जळालेले कपॅसिटर, म्हणजे मोटारीला सुरुवातीचा धक्का देणारे डबे. दुसरे, किस्से! कपॅसिटर भंगारवाला नेतो. किस्से कोण नेणार? म्हणून तुमच्या माथी मारतो, बसा.

वसमतच्या आमच्या दुकानात दोघंच. मी, म्हणजे संजू, वय चाळीस, दोन पोरांचा बाप. आणि किसन उस्ताद, आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावकडच्या तांड्यावरचे. उस्तादांना एसी उघडावाच लागत नसे. बाहेरच्या युनिटजवळ डोकं न्यायचं, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "पंखा फिरून राहिला, कंप्रेसर उचलत न्हाई. कपॅसिटर गेला." बराबर तेच निघायचं! हळदीचे व्यापारी तर फोनवर म्हणायचे, "मीटर-बिटर राहू द्या, उस्तादांचा कान घेऊन या."

*

तोच कान गेला.

मला कळलं ते एका गच्चीवर. युनिट चालू केलं तर पंख्याचं पातं जाळीला घासून असं किंचाळलं की शेजारणीनं खिडकी उघडून मला शिव्या घातल्या. उस्ताद त्याच युनिटला टेकून निवांत चहा पीत होते. मला म्हणाले, "अद्रक मस्त टाकली रे बाईनं!"

मी पातं सरळ केलं आणि गप्प बसलो. ही गोष्ट फुटली असती तर उस्तादांना कुणी बोलावलं नसतं, आणि घरी बसलेले उस्ताद मला बघवले नसते. मला कळलंय हे त्यांनाही कळू द्यायचं नव्हतं. मग मी एक युक्ती काढली. कंप्रेसर चालू झाला की त्यांच्यासमोर उभं राहून रुमालानं घाम पुसायचा. नाही झाला, तर पिशवीतून पाना काढायचा. उस्ताद बघायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. मी स्वतःच्या हुशारीवर खूश!

*

फोनवर मात्र रुमाल चालत नाही.

लोकांना जुनी सवय. एसी बंद पडला की उस्तादांना फोन लावायचा आणि तो युनिटजवळ धरायचा. उस्ताद फोन कानाला लावून अर्धा मिनिट गंभीर चेहरा करायचे आणि म्हणायचे, "आधी रिमोटचे सेल बदला."

एकाचा एसी चालू झाला. दुसऱ्याचाही झाला. तिसरा तर दुकानात पेढे घेऊन आला. "संजूभाऊ, उतरलेला सेल फोनवरून ऐकू येतो ह्या माणसाला! काय कान हाय!"

मी दोन पेढे एकदम तोंडात टाकले, हसू आवरायला.

*

हट्टा गावात दोन भाऊ. एक वर राहतो, दुसऱ्याची खाली पिठाची गिरणी. वाटणीवरून वर्षभर अबोला. वरच्याचा एसी दुपारी चालूच होत नव्हता. सकाळी होई, संध्याकाळी होई, दुपारी नाही.

खाली गिरणी धडधडत होती. मला आणि वरच्या भावाला एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. उस्तादांना मात्र गिरणी चालू आहे याचाही पत्ता नाही! मी रुमाल काढू की पाना, या विचारात असताना त्यांचं लक्ष टेबलावरच्या ग्लासाकडे गेलं. ग्लासातलं पाणी थरथरत होतं. ते बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिले.

"खाली कायतरी मोठी मोटार हाय. ती चालली की तुमाला व्होल्टेज पुरत न्हाई," ते म्हणाले. "एसी चांगला हाय. भावाशी बोला."

"तेवढं सोडून दुसरं काही सांगा की उस्ताद!" वरचा भाऊ ओरडला.

उस्तादांनी पिशवी उचलली. पंधरा दिवसांनी त्या रस्त्यानं जाताना मी सहज डोकावलो. भर दुपारी गिरणी बंद, आणि वर एसीत दोघे भाऊ एकाच सतरंजीवर घोरत पडलेले.

*

आता कमलबाईंचा किस्सा. सरकारी दवाखान्यातल्या रिटायर नर्स, घरात एकट्या. पुण्याच्या पोरानं नवा एसी बसवून दिलेला.

"चालूच होईना रे," त्यांनी दारातच सांगितलं. "बटन दाबलं की टुंग वाजतं. घरघर काही येत न्हाई. मग पुन्हा दाबते. पुन्हा टुंग!"

माझ्या लक्षात आलं. त्यांचा जुना एसी गल्ली दणाणून सोडायचा. हा नवा मुकाट चालणारा. चालू झालेला एसी बाई दुसऱ्या टुंगला स्वतःच बंद करत होत्या! मी उस्तादांना रिमोट दोनदा दाबून दाखवला. तेही समजले. एसी चालू करून त्यांनी लाल कापडाची पट्टी हवेच्या तोंडाशी बांधली.

"पट्टी हालली की चालू. दुसऱ्यांदा बटन दाबायचं न्हाई."

कमलबाईंनी आपल्या कानावर बोट ठेवलं. "पट्टीचं राहू द्या. तुमी कान लावून सांगा. तुमच्या कानावर माझा भरोसा हाय."

मी घाईघाईनं रुमाल काढला. उस्तादांनी माझा हात खाली केला.

"बाई, दोन वर्षं झाली. मला ऐकू येत न्हाई."

रुमाल माझ्या हातातच राहिला. कमलबाई मात्र खुदकन हसल्या. "मग तुमाला सांगायला काय हरकत! मला पट्टी दिसत न्हाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पोराला बोलले न्हाई, काम सोडून धावत येईल लेकरू."

दोन वर्षांत पहिल्यांदाच मी उस्तादांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सगळं सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढून एसीखाली ठेवली. "इथं बसा. डोक्याला गार लागलं की समजायचं, चालू हाय."

बाई बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "लागलं हो!" आणि मग, "पन तुमाला कसं कळतं, चालू झाला म्हणून?"

तेही मी ओरडून सांगितलं.

उस्तादांनी माझ्या हातातला रुमाल बाजूला सारला आणि माझ्याकडं बोट केलं.

"ह्या लेकराच्या तोंडाकडं बघून."