चारी बाजूंनी बांधलेलं पुस्तक

बाइंडरकाकांची आणि माझी पहिली भेट सुरू झाली तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते. संपली तेव्हा नव्हते. मी त्यांच्याकडे एक शब्दकोश बांधायला टाकला होता. आठ दिवसांनी या, म्हणाले. मी आठ दिवसांनी गेलो, महिन्याने गेलो. मध्ये माझं लग्न झालं, बदली झाली, बदली रद्द झाली, तरी शब्दकोश आपला 'चालू' होता. चौदा महिन्यांनी तो हातात पडला. बांधणी अशी की घरावरून हत्ती गेला असता तर घर पडलं असतं, शब्दकोशाला काही झालं नसतं. वर म्हणाले, "चांगलाय. पण शेवटी शेवटी जरा घाई केलीय लिहिणाऱ्याने."

तेव्हा मला त्यांचा नियम कळला. वाचून झाल्याशिवाय ते पुस्तक परत करत नसत. कोंबडीपालन असो, कायद्याचा ग्रंथ असो, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. खळीच्या वासात, पुठ्ठ्यांच्या ढिगात, दाबयंत्राला पाठ टेकून बसायचे आणि वाचायचे. गिऱ्हाईक आलं की विचारायचे, "तुम्ही वाचलंय का हे?" मी दोनदा खोटं बोललो, दोनदा पकडला गेलो. मग पुस्तक टाकायच्या आधी निमूटपणे वाचून जायला लागलो. आज माझ्या डोक्यात जे काही चार शहाणपणाचे शब्द आहेत, ते त्या माणसासमोर अब्रू जाऊ नये म्हणून भरलेले आहेत. हे त्यांचे उपकार मी त्यांना कधी सांगितले नाहीत. चढून बसले असते.

मग एकदा त्यांनी बांधलेली रहस्यकथा मी घरी नेली आणि चाळिसाव्या पानावरच खुनी पकडला गेला. त्यानंतर दीडशे पानं सगळे त्याला शोधत होते. शेवटचा सोळा पानांचा गठ्ठा पुढे शिवला गेला होता. काकांच्या हातून हे होणं म्हणजे सूर्याने सुट्टी टाकण्यासारखं. मी हसत हसत दुकानात गेलो, तर काका हसले नाहीत.

"हे मी वाचलेलं नाही," ते म्हणाले. "वर्ष झालं, काहीच वाचलेलं नाही."

डोळे गेले नव्हते, पण छापील अक्षर मुंग्यांसारखं पळायला लागलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मोठं दिसेल, बारीक आता दिसणार नाही. काकू रोज वाचून दाखवायच्या, पण दुसऱ्या पानावर त्यांना झोप लागायची आणि तिसऱ्यावर काका त्यांच्या अंगावर शाल घालायचे. त्या दिवसापासून त्यांनी नवीन काम घेणंच बंद केलं. हात शाबूत होते, पण न वाचता बांधायचं म्हणजे त्यांच्या मते नाव न विचारता सोयरीक करण्यासारखं होतं.

त्यांची लेक शाळेत शिकवते. तिने काचेवर पुस्तक दाखवणारं वाचायचं यंत्र आणलं. काकांनी ते उलटंपालटं केलं, वास घेतला, विचारलं, "याची शिवण कुठंय?" शिवण नाही म्हटल्यावर, ही तर पाटी, म्हणून बाजूला ठेवलं. लेकीने अक्षर वाढवत नेलं; एका पानावर जेमतेम पंधरा शब्द मावायला लागले. मग ते त्यांच्या हातात दिलं आणि आईला चहा करू लागायला आत गेली.

चहा थंड झाला. काकांनी पान उलटलं, पुन्हा उलटलं. तासाभराने मान वर न करता म्हणाले, "हा माणूस बरा लिहितो."

त्यानंतर ते रोज वाचायला लागले. बांधायला आलेलं पुस्तक यंत्रात मिळालं तर तिथे वाचायचे आणि मग कागदाचं बांधायचे. दुकान अर्धंमुर्धं सुरू झालं. आणि या उपकाराची फेड म्हणून काकांनी यंत्रासाठी त्यांना जे येत होतं ते केलं, त्याला पुस्तकासारखं बांधलं. जाड पुठ्ठा, हिरवं कापड, गोल कणा. काचेपुरती चौकट सोडून चारी बाजूंनी पक्कं चिकटवलं. बटण कापडाखालून बोटाला लागायचं. मी त्या देखण्या कामाला हात जोडले.

तीन आठवड्यांनी काका वाचत होते, गोष्टीतल्या मुलीचं पत्र आता उघडणार, एवढ्यात यंत्र विझलं. मी तिथेच होतो. लेक वायर घेऊन आली आणि पुस्तकाच्या चारी कडा चाचपत राहिली.

"बाबा, चार्जिंगचं भोक कुठे गेलं?"

"पुस्तकाला भोक कशाला हवं?"

"मी सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलं असशील. मी तेव्हा वाचत होतो."

चाळीस वर्षांत काकांनी स्वतःच्या बांधणीला कधी सुरी लावलेली नव्हती. दुसऱ्या कुणी लावली असती तर दुकानातून हाकलून दिला असता. मग त्यांनी स्वतःच सुरी उचलली, बोटाने कड मोजली आणि नखाएवढा तुकडा कापून काढला. वायर बसली. काचेवर उजेड आला. काकूंनी विचारलं, दुखलं का हो फार?

"पत्रात काय आहे ते कळू दे आधी," काका म्हणाले.

ते यंत्र पुढे अडीच वर्षं चाललं आणि बंद पडलं. दुरुस्त होत नाही असं कळलं, म्हणून लेकीने दुसरं आणलं. ते अर्ध्या बोटाने जास्त रुंद आहे. हिरवी बांधणी अजून शाबूत आहे, पण त्याला बसत नाही.