वाट संपल्याचे पेढे

आमच्या विद्यापीठात एक रीत आहे. कुणाचा शोधनिबंध छापून आला की प्रयोगशाळेबाहेरच्या टेबलावर पेढ्यांचा खोका येतो. काल रेवतीने खोका ठेवला आणि सगळ्यांचे हात पुढे झाले.

"कुठे आला पेपर?" मी विचारलं.

"कुठेच नाही," ती म्हणाली. "आमचा तो जिवाणू खाऱ्या जमिनीत भाताचं रोप जगवत नाही. आता खात्री झाली."

हात मध्येच थांबले. अभिनंदन करावं की समजूत घालावी, कुणालाच कळेना. समोरच्या भिंतीवर काचेआड मानचिन्हं आहेत, सत्काराचे फोटो आहेत. ज्यांना काही सापडलं, ते सगळे तिथे आहेत. ही वाट पुढे जात नाही, हे ज्यांनी स्वतः चालून पाहिलं, त्यांच्यासाठी मात्र त्या भिंतीवर एक खिळाही नाही. मागून येणाऱ्याची वर्षं त्यांच्यामुळे वाचतात, आणि त्याला ते ठाऊकही नसतं.

तेवढ्यात रेवतीच्या मार्गदर्शक बाई आल्या. त्यांनी सरळ पेढा उचलला.

"बाई, तुमची शुगर..." रेवती म्हणाली.

"त्या जिवाणूची कल्पना मुळात माझी होती," बाई म्हणाल्या, आणि अख्खा पेढा तोंडात टाकला.