कोरडी पट्टी

डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझ्या खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवली आणि डोळे मिटून बसायला सांगितलं. डोळ्यांत पाणी किती, ते या पट्टीवर कळतं म्हणे. सोबत आलेली ताई कौतुकाने म्हणाली, "आमचा अण्णा फार हळवा हो, डॉक्टर. पाठवणी कुणाच्याही मुलीची असो, आधी डोळे याचेच वाहतात."

पट्टी काढली, तर जेमतेम टोक भिजलं होतं.

"डोळे कोरडे पडलेत," डॉक्टर म्हणाले. "अशा डोळ्यांना वारा, धूर काही सोसत नाही. मग ते उगीच वाहतात."

होमाचा धूर! मला ताईकडे बघवेना. किती मुलींचे बाप माझ्या गळ्यात पडून रडले होते, आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला होता. हळवा म्हणवून घेणं मला आवडायचं. आत काही हललंय का, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

बाहेर वारा होता. डोळे लगेच भरले.

"मनाला लावून घेऊ नकोस रे," म्हणत ताईने पदराने माझा गाल पुसला. तिचे डोळे खरोखरच भरून आले होते.

मी तिला पुसू दिलं.