पायाळू भूमिका

आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीत कुणाची कंबर धरली की तो डॉक्टरकडे जाण्याआधी भूमिकाच्या दारात जातो. भूमिका पायाळू आहे, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी आले. अशा माणसाने पाय लावला की उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. मी निवृत्त शिक्षक, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी दोनदा पालथा झोपून तिची हलकीशी लाथ खाल्ली आहे आणि दोन्ही वेळा ताठ चालत घरी आलो आहे.

गल्लीला गुण देणाऱ्या या पायांना तिची आत्या पंचफुला मात्र कायम नावं ठेवत आली. पारशिवनीजवळच्या गावात, घरातच बाळंतपण झालं आणि त्यात भूमिकाची आई गेली. "आधी पाय काढले पोरीनं," एवढंच आत्या म्हणायची. पुढचं सगळ्यांना कळायचं, पोरीलाही. आईविना लेकराला आत्यानेच वाढवलं, म्हणून कुणी तिला गप्प बस म्हटलं नाही. मला याचा अजून राग येतो.

मोठी झाल्यावर भूमिका पळायला लागली. विमा कंपनीच्या कचेरीत नोकरी आणि पहाटे तलावाभोवती फेऱ्या. आधी छोट्या शर्यती, मग अर्धमॅरेथॉन. यंदा हिवाळ्यात पूर्ण मॅरेथॉन पळायची, असं तिने ठरवलं होतं. पावसाळा सरता सरता उजव्या घोट्याच्या वर दुखायला लागलं. तिने बर्फ लावला, पट्टी बांधली आणि पळतच राहिली. शेवटी डॉक्टरने हाडाला बारीक चीर गेल्याचं सांगितलं. दोन-तीन महिने पळणं बंद. ऐकलं नाही तर हाड पुरतं मोडेल आणि मग शर्यती कायमच्या विसराव्या लागतील.

तिने काही दिवस ऐकलं. मग एका सकाळी ती मला तलावावर दिसली. लंगडत पळत होती, चेहरा पांढराफटक. मी तिला बाकावर बसवून चांगलं झापलं. अक्कल गहाण टाकलीस का, असंही म्हणालो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"काका, उशीवर पाय ठेवून पडली का कोणी तरी घोट्याले धरते," ती म्हणाली. "बोटं कळतात मले. पळाली का सोडते."

"कोण धरतं?"

"माय. माह्या पायानं गेली ना ते. आता मले सोडून नाही राहिली."

मी तिला घरी पोचवलं आणि तडक कळमन्याच्या धान्यबाजारात गेलो. तिचे वडील चंपतराव तिथे धान्य मोजतात. मुळातच अबोल माणूस, आणि बायकोचा विषय तर त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही काढला नव्हता. मी सांगितलं तेवढं ऐकून ते काम टाकून निघाले. घरी आल्यावर पोरीच्या खाटेवर बसले आणि तिचा उजवा पाय त्यांनी मांडीवर घेतला. मी दारातच उभा होतो.

"हाच पाय," ते म्हणाले. "तू रडून नव्हती राहिली. सुईणीनं मेली समजून तुले बाजूले ठेवलं. तुह्या मायनं हात लांबवून हा पाय धरला, अन् चोळतच राहिली. तू रडली, तवाच तिचा हात सुटला वं."

आत्या आत स्वयंपाकघरात होती. तिलाही ऐकू गेलं असणार, पण ती बाहेर आली नाही. भूमिका मात्र तोंडात पदर कोंबल्यासारखी आवाज दाबून रडत होती, आणि मग तिला तेही जमेना. मी निघून आलो.

शर्यत तिच्याविना पार पडली. हाड जुळलं, डॉक्टरने पळायला परवानगी दिली. मी मोठ्या उत्साहाने एका रविवारी दुपारी विचारायला गेलो, की आता फेऱ्या कधीपासून? ती खाटेवर पडली होती. उजवा पाय उशीवर ठेवलेला. पाय बरा झाला, मग उशी कशाला, असं मी चेष्टेने म्हणालो.

तिने पाय हलवला नाही.

"त्या दिवसापासून ते आलीच नाही, काका," ती म्हणाली. "मी वाट पाहून राहिली."